ब्राझीलच्या ध्वजावरून ‘प्रेम’ गळालेले नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ब्राझीलवरचा लेख वाचला. ध्वजावरच्या ‘ओर्देम ई प्रोग्रेसो’, म्हणजे ‘सुव्यवस्था आणि प्रगती’, या शब्दांना त्यात लष्कराची घोषणा म्हटले आहे. पुढे एकाच वाक्यात तीन विधाने उरकली आहेत: ही घोषणा ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने कागदावर रचलेल्या धर्मातून आली, मूळ घोषणेतला ‘प्रेम’ हा शब्द ब्राझीलने गाळला, आणि तो धर्म कर्त्याबरोबरच संपला. पहिले विधान बरोबर आहे. दुसरे सगळीकडे छापले जाते, तरी चूक आहे. तिसऱ्यासाठी हे पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आधी ध्वज. १५ नोव्हेंबर १८८९ ला ब्राझीलची बादशाही गेली आणि १९ तारखेला हुकूम काढून नवा ध्वज लागू झाला. आराखडा रायमुंदो तेशैरा मेंदिस यांचा, जोडीला मिगेल लेमोस, निळ्या गोलातले तारे बसवायला खगोलशास्त्राचे जाणकार मानुएल पेरेरा रेइस आणि रंगवायला चित्रकार देसियो व्हिलारिस. यातले पहिले दोघे शिपाईगडी नव्हते. रिओतल्या पॉझिटिव्हिस्ट चर्चचे, म्हणजे ऑग्युस्त काँतच्या मानवताधर्माच्या तिथल्या मंदिराचे, ते प्रमुख होते. लष्कराचा धागा आहे तो एवढाच: बेंजामिन कॉन्स्तां हे लष्करी शाळेतले गणिताचे शिक्षक काँतचे भक्त होते आणि त्यांच्या हाताखालून गेलेले तरुण अधिकारी उठावात पुढे होते. ते शब्द छावणीत पोचले तेही मंदिराच्या वाटेने.

आता ‘प्रेम’. काँतची पूर्ण ओळ अशी आहे: ‘प्रेम हे तत्त्व, सुव्यवस्था हा पाया, प्रगती हे ध्येय.’ ही पूजेतली ओळ. काँतने निशाणे दोन सांगितली होती. धार्मिक निशाणाच्या पांढऱ्या बाजूवर तीस वर्षांची स्त्री आणि तिच्या हातांत मुलगा, तर हिरव्या बाजूवर वरची पूर्ण ओळ. राजकीय ध्वज वेगळा, हिरवा. त्याच्या एका बाजूला ‘सुव्यवस्था आणि प्रगती’, दुसऱ्या बाजूला ‘दुसऱ्यासाठी जगा’. राष्ट्राच्या ध्वजावर दोनच शब्द यावेत हे काँतच्या ग्रंथातच आहे आणि मेंदिस यांनी ग्रंथाबरहुकूम काम केले. गळालेच असेल तर ‘दुसऱ्यासाठी जगा’ हे वाक्य गळाले. ब्राझीलच्या ध्वजाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, त्यामुळे त्याला बसायला जागाच उरली नाही.

आता तो धर्म. काँत १७९८ साली माँपेलियेला जन्मला आणि ५ सप्टेंबर १८५७ ला पॅरिसमध्ये वारला. समाजशास्त्राचा जनक म्हणून तो आपल्या पाठ्यपुस्तकांत असतो. धर्माचा भाग तिथे दोन ओळींत आटोपतात. १८४४ मध्ये त्याची क्लोतिल्द द व्हो हिच्याशी ओळख झाली, ५ एप्रिल १८४६ ला ती क्षयाने गेली, आणि उरलेली अकरा वर्षे त्याने धर्म बांधण्यात घालवली. देव नाही, परलोक नाही. पूजा करायची ती मानवजातीची. तिच्यात होऊन गेलेले, असलेले आणि पुढे यायचे असे सगळे, नालायक तेवढे वगळून. वर माणसाच्या उपयोगी पडलेली जनावरेही. पोळ्याला बैल ओवाळणाऱ्यांना यात नवल वाटू नये. मात्र या जमावात बहुमत कायम मेलेल्यांचे. ‘जिवंतांवर मृतांची सत्ता चालते आणि ती वाढतच जाते’ हे त्याचे वाक्य रिओच्या मंदिराच्या दर्शनी भागावर आहे.

कागदावर रचलेला म्हणजे किती, तर याजकांचे पगारसुद्धा ठरलेले. अठ्ठाविसाव्या वर्षी उमेदवार, पस्तिसाव्या वर्षी उपयाजक, बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण याजक. वर्षाला अनुक्रमे ३,०००, ६,००० आणि १२,००० फ्रँक, आणि महायाजकाला ६०,०००. पश्चिम युरोपासाठी एकूण २०,००० याजक, म्हणजे सुमारे सहा हजार माणसांमागे एक. १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज निघाला. जोतीराव फुल्यांनी निर्मिक ठेवला आणि मधला भटजी काढला. काँतने उलटे केले: देव काढला आणि भटजींची वेतनश्रेणी लावून दिली. त्याच्या धर्माची पुढची बहुतेक भांडणे या वेतनश्रेणीच्या आसपास झाली आहेत.

सगळ्यांत नेटका भाग म्हणजे १८४९ चे पंचांग, आणि या धर्माच्या देशोदेशीच्या शाखांची पहिली अडचणही तेच. १३ महिने, प्रत्येकी २८ दिवस, म्हणजे ३६४. उरलेला एक दिवस सर्व मृतांचा. लीप वर्षी आणखी एक, साध्वी स्त्रियांचा. हे दोन दिवस ना कुठल्या महिन्यात धरायचे ना कुठल्या वारात. त्यामुळे प्रत्येक महिन्याची १ तारीख कायम सोमवारी आणि २८ कायम रविवारी. वर्ष पहिले म्हणजे १७८९. महिन्यांची नावे मोझेस, होमर, ॲरिस्टॉटल, आर्किमिडीज, सीझर, सेंट पॉल, शार्लमेन, दान्ते, गुटेनबर्ग, शेक्सपिअर, देकार्त, फ्रेडरिक आणि बिशा. रोज एका थोर माणसाचे स्मरण, रविवारचा मान त्यातल्या मोठ्यांना. मोझेस महिन्याचा दुसरा रविवार बुद्धाचा आणि त्याच आठवड्यातला बुधवार मनूचा. हा शेजार आपल्याकडे कुणाच्याच पचनी पडला नसता. येशूला एकही दिवस नाही, सेंट पॉलला मात्र अख्खा महिना.

तारीख काढायची रीत सोपी आहे. सनातून १७८८ वजा केले की वर्ष मिळते. तारीख वर्षातली कितवी ते मोजून २८ ने भागायचे: भागाकार म्हणजे संपलेले महिने, बाकी म्हणजे चालू महिन्याची तारीख. बाकी शून्य आली तर नुकत्याच संपलेल्या महिन्याची २८. महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० ला. लीप वर्ष, म्हणून तो १२२ वा दिवस. चार महिन्यांचे ११२ गेले, उरले १०. उत्तर: सीझर १०, वर्ष १७२, बुधवार. पण १ मे १९६० ला प्रत्यक्षात रविवार होता.

गोची इथेच आहे. बिनवाराचा दिवस मध्ये आल्यामुळे बाहेरच्या जगाच्या हिशेबात काँतचा रविवार दर वर्षी एका वाराने पुढे सरकतो, लीप वर्ष मध्ये गेले तर दोन वारांनी. अनुयायी होते शिक्षक, डॉक्टर, कारकून, कारागीर. त्यांना सुट्टी बाहेरच्या रविवारी. म्हणून पत्रांच्या आणि पुस्तकांच्या माथ्यावर काँतची तारीख आली, सभा मात्र लोकांच्या रविवारीच भरत राहिल्या. दुसरी गोची लीप वर्षाची. जगाचा जादा दिवस फेब्रुवारीत, काँतचा वर्षाच्या शेवटी, त्यामुळे लीप वर्षी १ मार्चपासून दोन्हींत एका दिवसाची फारकत पडते. काँत गेला ती तिथी गुटेनबर्ग २४, वर्ष ६९. साध्या वर्षी तीच ५ सप्टेंबर असते, पण लीप वर्षी गुटेनबर्ग २४ येते ४ सप्टेंबरला. तिथी पाळायची की तारीख, हा वाद शिवजयंतीमुळे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

ब्राझीलने या पंचांगाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. तेरा महिने सरकारने घेतले नाहीत, सण घेतले. १४ जानेवारी १८९० च्या हुकुमात राष्ट्रीय सुट्ट्या जाहीर झाल्या. १ जानेवारी विश्वबंधुत्वासाठी (काँतच्या पंचांगात तो मानवतेचाच सण), २१ एप्रिल तिरादेंतिस हा क्रांतिकारक आणि ब्राझीलच्या स्वातंत्र्याचे इतर पूर्वसूरी यांच्यासाठी, १३ मे ब्राझीलवासीयांच्या आपसांतल्या बंधुत्वासाठी, कारण १८८८ मध्ये त्या दिवशी गुलामी संपली; १४ जुलै प्रजासत्ताक, स्वातंत्र्य आणि अमेरिका खंडातल्या जनतेची स्वाधीनता यांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतांचा. नाताळ यादीत नव्हता. नाताळ पुढे परत आला, १४ जुलै गेला, पण १ जानेवारीचे ‘विश्वबंधुत्व’ हे नाव ब्राझीलच्या सुट्ट्यांच्या यादीत आजही आहे. हा धर्म न मानणारा ब्राझीलवासीही त्याचा एक सण दर वर्षी झोपून काढतो.

घरातली उपासना दिवसातून तीनदा. सकाळची एक तास, संध्याकाळची त्याच्या निम्मी, दुपारची तिच्याही निम्मी. सरळ बेरीज केली तर एकूण १०५ मिनिटे. समोर मूर्ती नाही. डोळे मिटून आणायची ती तीन माणसे: आई, पत्नी, मुलगी. आई म्हणजे भूतकाळ आणि आदर, पत्नी म्हणजे वर्तमान आणि जिव्हाळा, मुलगी म्हणजे भविष्य आणि माया. स्वतः काँतची त्रयी मात्र आई, क्लोतिल्द आणि घरकाम करणारी सोफी अशी होती, यावरून नियमात किती सवलत होती ते दिसते. ओळ म्हणताना करायची खूणही आहे. ‘प्रेम’, ‘सुव्यवस्था’, ‘प्रगती’ म्हणताना डोक्याच्या तीन जागांना ओळीने हात लावायचा. त्या जागा फ्रांझ गाल या वैद्याच्या मस्तकविद्येनुसार, म्हणजे कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या शास्त्रानुसार, ठरवलेल्या. ते शास्त्रच पुढे रद्दी ठरले. विज्ञानावर उभारलेल्या धर्माला हा धोका कायमचा: शास्त्र दुरुस्त होते, हाताची सवय होत नाही.

संस्कार नऊ. आपल्या सोळांची सवय असलेल्याला ते ओळखीचे वाटतील, पण आखणी सगळी सातच्या पाढ्यावर आहे. जन्मल्यावर ‘अर्पण’, १४ व्या वर्षी ‘दीक्षा’, आईच्या हातून मूल शिक्षकाकडे जाते, २१ व्या वर्षी ‘प्रवेश’, २८ व्या वर्षी ‘नियुक्ती’, धंदा ठरला हे जाहीर करणे, मग विवाह, ४२ व्या वर्षी ‘परिपक्वता’, ६३ व्या वर्षी ‘निवृत्ती’, म्हणजे आपल्या जागी कोण हे स्वतः सांगून बाजूला होणे, मृत्यूवेळी ‘रूपांतर’, आणि मृत्यूनंतर सात वर्षांनी ‘समावेशन’. शेवटचा संस्कार खरा काँतचा. सात वर्षांनी याजकांनी मेलेल्याच्या आयुष्याचा निवाडा करायचा. माणूस लायक ठरला तर त्याचे अवशेष मंदिराभोवतीच्या पवित्र वनात हलवायचे. हा विधी जवळजवळ सगळीकडे कागदावरच राहिला, आणि कारण श्रद्धेतले नसून जमिनीचे आहे. मंदिर शहरात, भाड्याच्या खोलीत किंवा दाटीच्या गल्लीत; वन आणायचे कुठून? शिवाय पुरलेला देह उकरून हलवायला सरकारी परवाना लागतो. लोकांनी मग निवाड्याची जागा स्मरणाला दिली आणि वनाची जागा दफनभूमीच्या फेऱ्यांना.

विवाहाला तीन अटी. आधी सरकारी नोंदणी. मग तीन महिने ब्रह्मचर्य. त्यानंतर मंदिरातला संस्कार. आणि दोघांनी शपथ घ्यायची की जोडीदार गेल्यावर दुसरे लग्न करणार नाही. ही शपथ पुरुषालाही होती, हे विधवांना केशवपन आणि विधुराला महिन्याभरात बोहला दाखवणाऱ्या तेव्हाच्या आपल्या समाजाशी ताडून पाहावे. ब्राझीलच्या शाखेने ही बाजू घट्ट धरली आणि घटस्फोटाच्या कायद्याला जन्मभर विरोध केला. त्या देशात घटस्फोट कायदेशीर झाला तो १९७७ मध्ये. त्यात कॅथलिक चर्चचा वाटा मोठा आहे, पण या एका मुद्द्यावर देव मानणारे आणि न मानणारे एकाच बाकावर होते.

आता शाखा. लेखकाने इथेच सगळ्यांना एका माळेत ओवले आहे.

काँतने वारस नेमला नाही. मृत्युपत्राचे तेरा व्यवस्थापक नेमले, महिन्यांइतकेच, आणि त्यांच्यातले पिएर लाफित प्रमुख झाले. त्याआधीच १८५२ मध्ये एमिल लित्रे बाहेर पडले होते. त्यांना तत्त्वज्ञान हवे होते, पूजा नको होती. लाफित हा मुळात मास्तर. त्यांच्या काळात पॅरिसची शाखा म्हणजे व्याख्यानमाला, काँतचे जपलेले राहते घर आणि ५ सप्टेंबरला पेर-लाशेझ दफनभूमीतल्या त्याच्या कबरीवर जाणे. १८९२ मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये विज्ञानाच्या इतिहासाचे प्राध्यापक झाले, १९०२ मध्ये सोर्बोनच्या चौकात काँतचा पुतळा बसला, आणि मूळ गावी धर्माचे रूपांतर स्मारकात झाले.

लंडनला वेगळी तहान होती. रिचर्ड काँग्रीव्ह हे ऑक्सफर्डचे, पूर्वाश्रमीचे अँग्लिकन पाद्री. १८७० मध्ये त्यांनी चॅपेल स्ट्रीटवर जागा घेतली. तिथे आलेली बरीच मंडळी चर्च सोडून आलेली. त्यांची श्रद्धा गेली होती पण रविवार सकाळ रिकामी पडली होती. त्यांना स्तोत्रे हवी होती, उठणे-बसणे हवे होते, एकसुरात म्हणायला काही हवे होते. काँग्रीव्ह यांनी ते दिले. फ्रेडरिक हॅरिसन, बीझली आणि ब्रिजेस यांना याचाच कंटाळा. १८७८ मध्ये फूट पडली, काँग्रीव्ह पॅरिसपासून तुटले, आणि हॅरिसन गटाने लाफितला धरून १८८१ मध्ये फेटर लेनला न्यूटन हॉल उघडला. एकाच गाडीतून आले आणि दोन गाड्यांतून परतले, असा विनोद तेव्हा झाला. न्यूटन हॉलमध्ये प्रार्थना थोडी आणि व्याख्याने फार. त्यांची खरी देणगी म्हणजे ‘यात्रा’: थोरांच्या कबरी आणि घरे पाहायला जथ्याने जायचे. पंचांगातल्या ५५८ व्यक्तींची चरित्रे त्यांनी १८९२ मध्ये एका ग्रंथात छापली. पंचांग पाळणे जमले नाही तेव्हा ते वाचायला घेतले, असेच म्हणावे लागेल. उत्तरेकडे न्यूकॅसलला माल्कम क्विन यांनी पार दुसरे टोक गाठले आणि कॅथलिक मासच्या धर्तीवर वेष, वेदी आणि पठण असा विधी बांधला. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलेने या धर्माला ‘ख्रिस्ती धर्म वजा केलेला कॅथलिक पंथ’ म्हटले होते. तो टोमणा फेटर लेनला लागू होत नाही. न्यूकॅसलला तंतोतंत होतो.

ब्राझीलमध्ये धर्म होता तसा घ्यायचा, हा आग्रह. लेमोस पॅरिसला जाऊन आले आणि १८८१ मध्ये रिओत चर्च स्थापले. १८८३ मध्ये ते लाफितपासून वेगळे झाले. कारण नेमके आहे: गुलाम बाळगणाऱ्याला चर्चमध्ये जागा नाही, राजकीय पद घेणाऱ्यालाही नाही, अशी लेमोस यांची अट, गुलाम बाळगणाऱ्या एका सभासदाबाबत लाफित यांनी सबुरीचा सल्ला दिला. लंडनमध्ये फूट पडली ती पूजेवरून आणि पदावरून. रिओत पडली ती गुलामीवरून. ग्रंथ एकच, पण प्रत्येक गावाचे दुखणे वेगळे.

रिओचे मंदिर ग्लोरिया भागात आहे. दर्शनी बाजू पॅरिसच्या पाँथेऑन या स्मारकावर बेतलेली. आत दोन्ही बाजूंना मिळून चौदा कोनाडे. तेरा महिन्यांचे तेरा पुरुष आणि चौदावी एलोईझ ही मध्ययुगीन फ्रेंच मठाध्यक्षा, साध्वी स्त्रियांच्या दिवसासाठी. मंदिरांची दिशा पॅरिसकडे असावी, असाही काँतचा नियम आहे. २००९ मध्ये या मंदिराचे छप्पर कोसळले. दुसरे मोठे केंद्र दक्षिणेला पोर्तु अलेग्री. तिथे धर्म मंदिरापेक्षा राज्यघटनेत जास्त शिरला. रिओ ग्रांदी दो सुल प्रांताची १८९१ ची घटना जुलियो दि कास्तिल्यिओस यांनी काँतच्या चौकटीत लिहिली. राज्याने कुठल्याच विद्येला अधिकृत शिक्का देऊ नये, या तत्त्वापायी त्या प्रांतात पदवीशिवाय डॉक्टरकी करता येत असे. हाच विचार रिओत १९०४ मध्ये सक्तीच्या देवीच्या लसीविरुद्ध उभा राहिला. त्या दंग्यांच्या आधीपासून मेंदिस सक्तीविरुद्ध पत्रके काढत होते. लस चुकीची असे ते म्हणत, आणि त्यात ते चुकले होते. त्याच मंदिराचा दुसरा अनुयायी कांदिदो रोंदोन. ॲमेझॉनच्या रानात तारेचे खांब रोवत जाताना आदिवासींनी बाण मारले तरी गोळी झाडायची नाही, ‘वेळ आली तर मरा, मारू मात्र नका’, हा त्यांचा हुकूम. १९१० मध्ये निघालेल्या आदिवासी संरक्षण खात्याचे ते पहिले प्रमुख. ‘दुसऱ्यासाठी जगा’ ध्वजावर आले नाही, ते इथे आले.

आणि गंमत पाहा: १९०३ मध्ये ब्राझीलच्या चर्चने पॅरिसच्या रु पायेन गल्लीतले ५ क्रमांकाचे घर विकत घेतले, क्लोतिल्दचे घर म्हणून, आणि तिथे मंदिर केले. दारावर काँतचा अर्धपुतळा, वर मूल घेतलेली स्त्री, चेहरा क्लोतिल्दचा. काँतच्या शहरातले काँतचे मंदिर समुद्रापलीकडच्या शिष्यांच्या पैशाने उभे आहे.

आपल्या देशाचा संबंध लेखात अजिबात नाही, म्हणून तो सांगतो. काँग्रीव्ह यांनी १८५७ मध्येच, बंडाच्या धुमाळीत, इंग्रजांनी हिंदुस्थान सोडून जावे असे पत्रक छापले. बंगालमध्ये सॅम्युएल लॉब हे प्राध्यापक, गेडिस आणि हेन्री कॉटन हे सनदी अधिकारी त्या पंथाचे. हायकोर्टाचे न्यायाधीश द्वारकानाथ मित्र यांनी काँतची भूमिती फ्रेंचमधून इंग्रजीत आणली. बंकिमचंद्रांच्या लेखनावर या विचाराची छाया आहे. या मंडळात जोगेंद्रचंद्र घोष यांनी जे केले ते लंडनच्या नेमके उलट होते. लंडनकरांना जुन्या विधींची उणीव भरून काढायची होती. घोष यांच्या घरी विधी भरपूर होते. पितरांचे स्मरण, कुटुंबाचा जिव्हाळा, आईची पूजा हे काँत नव्याने सांगतो, आमच्याकडे ते आहेच, मग मोडायचे कशाला, असा त्यांचा पवित्रा. यातून त्यांनी जातिव्यवस्थेचीही पाठराखण केली, आणि तिथे हा धर्म कोलकात्यात आपल्या मूळ उद्देशापासून सर्वांत दूर गेला असे माझे मत आहे. फुल्यांच्या पुण्यात त्याला कुणी विचारले नाही, यात आश्चर्य नाही. मुंबईचा एक धागा तरी आहे: १९०४ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष सर हेन्री कॉटन, हे त्याच मानवताधर्माचे अनुयायी.

दुरुस्ती छापताना जागा कमी असेल तर दोन ओळी पुरतील. ‘लष्कराची घोषणा’ याऐवजी ‘पॉझिटिव्हिस्ट चर्चच्या प्रमुखांनी सुचवलेले काँतचे राजकीय ब्रीद’, आणि ‘प्रेम गाळले’ हे वाक्य काढून टाकावे. त्या चर्चच्या पत्रांचा आणि ब्राझीलच्या पहिल्या प्रजासत्ताकातल्या सरकारी कागदांचा समारोप ‘आरोग्य आणि बंधुभाव’ असा होत असे. लेखात तो ‘देव आणि राजा’ असा दिला आहे, तेही बदलावे.

आपला,
एक वाचक, सातारा